नायिकेच्या बहिणीचं काम घ्यावं का? शशिकला आणि अतुल कुलकर्णी यांच्याकडे बघून दिलेलं उत्तर

प्रश्न असा आला आहे: "ताई, मी सोलापूरची, वय २३. कॉलेजपासून एकांकिका करतेय, राज्य नाट्य स्पर्धेतही कामं केलीत. आता एका मराठी चित्रपटात नायिकेच्या मोठ्या बहिणीचं काम विचारलंय. घरचे म्हणतात, एकदा बहीण केलीस की जन्मभर बहीणच करत बसशील, चांगलं काम येईपर्यंत थांब. शशिकला आणि अतुल कुलकर्णी दोघंही आपल्या सोलापूरचे. त्यांनी काय केलं? मी हो म्हणू का?"

बाळ, आधी उत्तर देते, कारण तुला निर्मात्याला कळवायचं असणार. पटकथेतले तुझे प्रसंग मागून घे, वाच, आणि त्या बहिणीला गोष्टीत काही काम असेल तर बिनधास्त हो म्हण. काम आहे की नाही हे कसं ओळखायचं ते पुढे सांगते. पण तू जी दोन नावं घेतलीस ती इतकी नेमकी आहेत की आधी त्यांच्याबद्दल बोलायलाच हवं.

शशिकला यांना दोन फिल्मफेअर पुरस्कार मिळाले, 'आरती' (१९६२) आणि 'गुमराह' (१९६३) या चित्रपटांसाठी. अतुल कुलकर्णी यांना दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, 'हे राम' आणि 'चांदनी बार'साठी. हे चारही पुरस्कार सहायक भूमिकेचे आहेत. सोलापुरात वाढलेल्या, सिनेमात कुणी ओळखीचं नसलेल्या दोन माणसांनी वेगवेगळ्या काळात हिंदी सिनेमात आपली जागा केली, आणि दोघांनीही ती नायक-नायिकेच्या शेजारी उभं राहून केली. तुझ्या घरच्यांना ज्या कामाची भीती वाटतेय त्याच कामावर या दोघांचं नाव उभं आहे.

शशिकला यांच्याबद्दल आपल्या गावात फार कमी बोललं जातं, म्हणून त्यांच्यावर जरा जास्त बोलते. जन्म ४ ऑगस्ट १९३२, सोलापूर. माहेरचं आडनाव जवळकर. वडिलांचा कापडाचा मोठा व्यापार होता. ते सोलापूर गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारं होतं, आणि इंग्रजांनी १९३०ला लावलेल्या मार्शल लॉमधून नुकतंच बाहेर आलेलं. ज्यांच्या नावाने आपलं हुतात्मा स्मृती मंदिर हे नाट्यगृह उभं आहे त्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना फाशी झाली ती १२ जानेवारी १९३१ला, म्हणजे शशिकला यांच्या जन्माआधी दीड वर्ष. लहानपणापासूनच त्या स्टेजवर नाचू-गाऊ लागल्या, सोलापूर जिल्ह्यातल्या गावोगावी त्यांची कामं झाली. तो मेळ्यांचा जमाना होता. मेळ्यात मूल एका रात्रीत गातं, नाचतं, चार ओळींचा संवादही म्हणतं, आणि समोरचा प्रेक्षक ओट्यावर, रस्त्यावर, कुठेही बसलेला असतो. तिथे आवाज पोचला नाही तर लोक उठून जातात. अभिनयाची शाळा म्हणावी असं दुसरं काही त्यांच्या वाट्याला आलं नाही.

मग वडिलांचं दिवाळं निघालं आणि कुटुंब मुंबईला गेलं. मुलगी दिसायला चांगली, नाचते, गाते, तिला सिनेमात काम मिळेल या आशेवर. अकरा-बारा वर्षांच्या पोरीवर घरादाराची आशा! ती एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत कामासाठी फिरत राहिली. अखेर नूरजहाँ यांच्या नजरेस पडली. त्यांचे पती शौकत हुसैन रिझवी तेव्हा 'झीनत' (१९४५) करत होते. त्यातली बायकांची कव्वाली गाजली, 'आहें ना भरी, शिकवे ना किए'. त्या बायकांच्या घोळक्यात शशिकला बसल्या आहेत. एक ओळख, एक घोळका, एवढीच सुरुवात.

आणि तीही टिकली नाही. फाळणीनंतर नूरजहाँ आणि रिझवी पाकिस्तानात गेले. ज्यांनी हात धरला होता तेच निघून गेले आणि पंधराएक वर्षांची मुलगी पुन्हा दारोदार. पुढची वर्षं लहानसहान कामांची आहेत. १९५३ मध्ये व्ही. शांतारामांच्या 'तीन बत्ती चार रास्ता'मध्ये त्या दिसतात. दरम्यान लग्न, दोन मुली. 'झीनत'पासून बिमल रॉय यांच्या 'सुजाता'पर्यंत (१९५९) चौदा वर्षं गेली. तुझे घरचे 'थांब' म्हणतात ना, त्यांना हे जरूर सांग की शशिकला घरी बसून थांबल्या नाहीत. त्या चौदा वर्षांत त्या सेटवर होत्या, कॅमेऱ्यासमोर कसं उभं राहायचं ते शिकत होत्या.

'सुजाता'मध्ये त्यांनी काय केलं आहे पाहा. योगायोगाने तेही बहिणीचंच काम आहे. नूतन सुजाता, दलित घरात जन्मलेली आणि उपेन-चारू या सवर्ण जोडप्याने वाढवलेली मुलगी. शशिकला रमा, त्या घरची पोटची मुलगी. ज्या तरुणाचं स्थळ रमासाठी बघितलेलं असतं त्याचं मन सुजातावर जडतं. इथे रमाने डोळ्यांत जरा जरी आकस आणला असता तर चित्रपट दोन बहिणींच्या भांडणाचा झाला असता, आणि जातीचा प्रश्न बाजूला पडला असता. शशिकला यांनी रमा इतकी मोकळी, निर्मळ केली आहे की आपल्याला दोष द्यायला घरातली तरुण मुलगी सापडतच नाही. दोष मोठ्या माणसांच्या मनात आहे, हे रमाच्या हसण्यामुळे दिसतं. ती खळखळून हसते म्हणून सुजाताचं मिटून राहणं डोळ्यांवर येतं. नूतन यांचं काम थोर आहेच. त्या कामाला जी जमीन लागली ती शशिकला यांनी दिली आहे. 'बचपन के दिन' या गाण्यात दोघी बहिणी आहेत. ते गाणं एकदा फक्त शशिकला यांच्याकडे बघत पाहा.

त्यानंतर अवघ्या चार वर्षांत 'गुमराह'. बी. आर. चोप्रांचा चित्रपट. मीना (माला सिन्हा) बहिणीच्या मृत्यूनंतर तिच्या मुलांसाठी मेहुण्याशी (अशोककुमार) लग्न करते, आणि आधीचा प्रियकर (सुनील दत्त) पुन्हा आयुष्यात येतो. मग लीला नावाची बाई येते. मी त्या प्रियकराची बायको, म्हणते, आणि मीनाला धमकावू लागते. ही लीला म्हणजे शशिकला. शेवटी कळतं की ही बाई कुणाची बायको वगैरे नाही, तिला मीनाच्या नवऱ्यानेच पाठवलेलं आहे, ती त्याची सेक्रेटरी आहे.

या कामातली अवघड जागा माझ्या विद्यार्थ्यांच्या चटकन लक्षात येत नाही. शशिकला यांना धमकावणारी बाई करायची नव्हती, धमकावणाऱ्या बाईचं सोंग करणारी नोकरदार बाई करायची होती. पहिल्यांदा बघणाऱ्याला सोंगाची शंका येता कामा नये. आणि शेवट माहीत असलेला माणूस पुन्हा बघायला बसला तर त्याला फसवल्यासारखं वाटता कामा नये. त्यांनी हे ठेक्यावर साधलं आहे. लीला घाई करत नाही. दुसऱ्याच्या घरात ती स्वतःच्या घरात बसावं तशी बसते, सावकाश बोलते, समोरची बाई घाबरली की तिला घाबरायला वेळ देते. खरी लुबाडणारी बाई पकडलं जायच्या भीतीने कुठेतरी चोरटी झाली असती. लीला चोरटी होत नाही, कारण तिला पाठवणारा माणूस त्याच घराचा मालक आहे. हे आपल्याला शेवटी कळतं, पण शशिकला यांनी ते पहिल्या प्रसंगापासून अंगात ठेवलेलं आहे. माझ्या मते हिंदी सिनेमातल्या सहायक भूमिकांत याच्या तोडीची कामं मोजकीच.

त्याच्या मागेपुढेच त्या 'जंगली'त (१९६१) शम्मी कपूर यांची बहीण माला होत्या, आणि १९६६ मध्ये हृषीकेश मुखर्जींच्या 'अनुपमा'त नायिकेची उत्साही मैत्रीण. म्हणजे 'बहीण' ही एक भूमिका नसते. रमा बहीण आहे आणि 'जंगली'तली मालाही बहीण आहे, दोघींची एकमेकींशी ओळखसुद्धा पटणार नाही.

आता घरच्यांच्या भीतीत जे खरं आहे तेही सांगते. शशिकला यांच्यावर शिक्का बसला. दोन पुरस्कार लागोपाठ कपटी, कजाग बाईच्या कामांना मिळाले आणि मग निर्मात्यांनी त्यांच्यात दुसरं काही फारसं बघितलं नाही. 'सुजाता'तली रमा करणारी नटी हीच, हे लोक विसरले. पुढे बरीच वर्षं तीच तिरकी मान, तीच उंचावलेली भुवई त्यांच्याकडून मागितली गेली. हा अन्याय होता, आणि मला त्याचा आजही राग येतो. मध्ये एक काळ असा आला की त्या सिनेमापासून दूर गेल्या, कोलकात्यात मदर तेरेसा यांच्या संस्थेत सेवा केली. परत आल्यावर चरित्र भूमिका केल्या, 'सोनपरी'सारख्या मालिकेतून नव्या पिढीच्या मुलांपर्यंतही पोचल्या. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. ४ एप्रिल २०२१ला मुंबईत गेल्या, ८८व्या वर्षी. शंभरावर चित्रपट आणि सहा दशकांचं काम.

हा शिक्का बसला कशामुळे? दुय्यम काम घेतल्यामुळे बसला असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे 'नाही' म्हणायची सोय नव्हती, हे खरं कारण. लहानपणापासून घर त्यांच्या कमाईवर. मुंबईच्या स्टुडिओंशिवाय दुसरी जागा नाही. सिनेमातून उठून जावं असं हाताशी नाटक नाही, दुसऱ्या भाषेतला सिनेमा नाही. आणि बाई असल्यामुळे वयाचं घड्याळ डोक्यावर. अशा माणसाला जे काम येतं ते घ्यावं लागतं, आणि पुन्हापुन्हा तेच येतं.

अतुल कुलकर्णी यांची वाट इथेच वेगळी झाली. जन्म १९६५चा, बेळगावचा, शाळा आपली हरिभाई देवकरण. (डॉ. जब्बार पटेलही याच शाळेचे. या शाळेच्या भिंतींत काहीतरी आहे असं आम्ही नाटकवाले प्रेमाने म्हणतो.) पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश घेतला, ते अर्धवट सोडलं. सोलापुरात 'नाट्य आराधना' या संस्थेत नाटकं केली. हौशी रंगभूमी म्हणजे काय हे तुला सांगायला नको. दिवसभर नोकरी किंवा कॉलेज, रात्री कुणाच्या तरी हॉलमध्ये तालीम, स्वतःचा प्रवेश नसेल तेव्हा नेपथ्याला हात लावायचा, प्रॉम्प्टिंग करायचं. तिथून ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले आणि १९९५ला पदविका घेऊन बाहेर पडले. तेव्हा ते तिशीला टेकले होते. तुझ्या वयात त्यांचं दिल्लीला जाणंसुद्धा व्हायचं होतं, एवढं ध्यानात ठेव.

दिल्लीहून आल्यावर मराठी रंगभूमीवर 'गांधी विरुद्ध गांधी'मध्ये त्यांनी गांधी केले. आणि काही वर्षांत कमल हासन यांच्या 'हे राम'मध्ये (२०००) गांधींच्या खुनापर्यंत नायकाला नेणारा श्रीराम अभ्यंकर! दोन टोकं. अभ्यंकर हा चित्रपटाचा नायक नाही, पण नायकाच्या डोक्यात विचार पेरणारा माणूस तो आहे. असं काम करताना नवखा नट पहिल्या प्रसंगापासून डोळे वटारतो. कुलकर्णी अभ्यंकरला हसरा, गोड, उमदा ठेवतात. असा माणूस मित्र म्हणून कुणालाही आवडेल, आणि म्हणून तो भयंकर आहे. पुढे घोड्यावरच्या अपघातात अभ्यंकर कायमचा जायबंदी होतो आणि अंथरुणावरून नायकाकडून वचन घेतो. त्या प्रसंगात नटाकडे हात नाहीत, पाय नाहीत, फिरायला जागा नाही. डोळे आणि आवाज, एवढंच. ज्याने स्टेजवर वर्षानुवर्षं सगळं शरीर वापरलंय त्यालाच ते बाजूला ठेवून काम करता येतं. स्टेजचा सराव सिनेमात कसा उपयोगी पडतो असं कुणी विचारलं की मी हाच प्रसंग दाखवते.

'चांदनी बार'मध्ये (२००१) पोट्या सावंत. तो गुंड आहे, आणि नायिका मुमताजला (तब्बू) बारमधून बाहेर काढून संसाराला लावणाराही तोच. तब्बू यांनाही याच चित्रपटासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुमताजला पोट्याच्या घरात सुरक्षित वाटतं हे आपल्याला पटलं नाही, तर तो गेल्यावरची तिची दैना पोचणार नाही. नायिकेचं काम उभं राहण्यात समोरच्या माणसाचा वाटा किती असतो ते इथे दिसतं.

यानंतर शशिकला यांचं झालं तेच इथेही होऊ शकलं असतं. गुंड आणि माथेफिरू यांच्याच भूमिका येत राहिल्या असत्या. दाक्षिणात्य सिनेमात खलनायकाची कामं त्यांनी केलीही, तमिळ 'रन'सारखी. पण त्याच वर्षांत मराठीत 'देवराई'तला (२००४) स्किझोफ्रेनियाशी झुंजणारा शेष, हिंदीत 'रंग दे बसंती'तला (२००६) लक्ष्मण पांडे आणि रामप्रसाद बिस्मिल, 'वळू'तला (२००८) फॉरेस्ट ऑफिसर. आणि २०१०ला 'नटरंग'. त्यातल्या गुणा या नायकासाठी आधी पैलवानाचं शरीर कमावलं आणि मग नाच्यासाठी तेच शरीर उतरवलं. 'नटरंग' नायकाचं काम आहे, पण त्यातलं ऐकणं, समोरच्याला जागा देणं हे सगळं सहायक भूमिकांतून आलेलं आहे असं मला वाटतं. पुढे २०२२ला 'लाल सिंग चढ्ढा'चं लेखन केलं. एका भाषेतल्या निर्मात्याने एकाच साच्यात घातलं तर दुसरी भाषा, दुसरं माध्यम हाताशी होतं. शशिकला यांच्याकडे जे नव्हतं ते हे.

त्यामुळे तुला माझा सल्ला असा की शिक्क्याची काळजी पहिल्या कामात करू नकोस, तिसऱ्या-चौथ्या कामात कर. आणि 'नाही' म्हणायची सोय आत्तापासून करून ठेव. नाटक सोडू नकोस. सोलापुरात हाताशी असलेली कमाई, शिकवणी असो की नोकरी, एकदम टाकू नकोस. ऑडिशन हल्ली बहुतेक सेल्फ टेपवर होतात, म्हणजे आपलं काम आपणच चित्रित करून पाठवायचं, त्यासाठी मुंबईत खोली घेऊन बसायची गरज नाही. बोलावणं आलं तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस आहे, सकाळी मुंबईत. पुण्याला हुतात्मा एक्सप्रेस आहे. पोटाची घाई असलेल्या नटाला साच्यात घालणं सगळ्यात सोपं असतं.

आणि भाषा. ही आपल्या गावाची देणगी आहे, ती वापर. पूर्व भागात गेलीस की तेलुगू, बाजारात कन्नड, विजापूर वेशीकडे दखनी उर्दू, आणि या सगळ्यांतून शिजलेली आपली मराठी. सोलापूरच्या पोराला 'काय बे' म्हणताना जो हेल लागतो तो पुसून टाकावा असं पुण्या-मुंबईच्या शिबिरांत सांगतात. मी सांगते, प्रमाण मराठी स्वच्छ शीक, तिच्यात एकही खोट राहू देऊ नकोस, पण आपला हेल जपून ठेव. 'सैराट' (२०१६) आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या बोलीत झाला आणि अकलूजच्या रिंकू राजगुरूचं बोलणं महाराष्ट्राने जसंच्या तसं उचललं. तेलुगू किंवा कन्नड घरात येत असेल तर ती वाचायलाही शीक. दक्षिणेत काम करणाऱ्या नटाला संवादाचा अर्थ कळत असला की त्याचं ऐकणं खरं होतं.

आता भूमिका कशी पारखायची. तुझे प्रसंग वाचताना स्वतःचे संवाद मोजू नकोस. ही मोठी बहीण गोष्टीतून काढून टाकली तर काय बिघडतं, ते बघ. काहीच बिघडत नसेल, ती फक्त लग्नात मेंदी काढायला आणि नायिका रडली की पाठीवरून हात फिरवायला असेल, तर नम्रपणे नाही म्हण. तिने कुठेतरी काही लपवलंय, काही ठरवलंय, कुणाला अडवलंय आणि त्यामुळे नायिकेचं पाऊल वेगळीकडे पडलंय, असा एक जरी प्रसंग असेल तरी घे. एकच पुरे. 'गुमराह'मध्ये लीलाचे प्रसंग माला सिन्हांच्या मानाने थोडेच आहेत.

पटकथा द्यायला कुणी काचकूच करत असेल तर निदान स्वतःचे प्रसंग तरी वाचल्याशिवाय होकार देऊ नकोस. किती दिवसांचं शूटिंग, राहण्याची सोय कुठे, मानधन किती हप्त्यांत, डबिंग तूच करणार का, हे लेखी घे. डबिंगचं तर आग्रहाने. आवाज दुसऱ्याचा गेला की अर्धं काम गेलं. आणि काम मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागितले, रजिस्ट्रेशन म्हणा, पोर्टफोलिओ म्हणा, कोर्स म्हणा, तर तिथून उठ. आपल्याकडच्या मुलींना या नावाखाली लुबाडलेलं मी पाहिलंय, आईने गहाण ठेवलेल्या दागिन्यांसकट. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. घरच्यांना तुझी जी काळजी आहे ती मला विचारशील तर रास्त आहे, म्हणून पहिल्या बैठकीला त्यांच्यापैकी कुणालातरी सोबत ने. चांगल्या युनिटला त्याचं काही वाटत नाही.

तयारीबद्दल एक प्रसंग सांगते. मागे आमच्या एका नाटकात सुनेचं काम होतं. सासू आणि मुलगा वाटणीवरून भांडतायत आणि सून चहाचा ट्रे घेऊन येते, संवाद एकही नाही. काम करणारी मुलगी हुशार. प्रत्येक वाक्यावर चेहरा करायची, सासू बोलली की दचकायची, नवरा बोलला की मान खाली. सगळं बरोबर आणि सगळं खोटं. मी तिला म्हटलं, आत गॅसवर दूध ठेवून आलीयस, एवढंच धर. पुन्हा तालीम केली. आता ती कप ठेवताना अर्धे कान आत ठेवून होती. भांडण वाढलं तशी तिची पंचाईत वाढली, बाहेर थांबावं तर दूध जाणार, आत जावं तर इथे काय ठरतंय ते कळणार नाही. मधेच तिने साखरेचा चमचा उचलला आणि न घालताच परत ठेवला. हॉलमध्ये बसलेल्या आमच्या सगळ्यांच्या नजरा भांडणाऱ्या दोघांवरून तिच्यावर गेल्या. आणि गंमत म्हणजे त्याने भांडणाऱ्या दोघांचंही काम सुधारलं, कारण घरात ऐकणारं कुणीतरी आहे हे त्यांना जाणवू लागलं. प्रयोगातही तिने तो चमचा तसाच ठेवला.

तू तुझ्या मोठ्या बहिणीचं असं 'गॅसवरचं दूध' शोध. ती प्रसंगात येण्याआधी काय करत होती, धाकटीने लग्न ठरवलं तेव्हा हिच्या स्वतःच्या संसाराचं काय चाललं होतं, धाकटीचा हेवा वाटतो का आणि वाटत असेल तर ती तो कुठे ठेवते. आधी 'सुजाता' बघ, मग 'गुमराह' बघ. दोन्ही एकदा आवाज बंद करून, फक्त शशिकला यांच्यावर नजर ठेवून. त्या बोलत नसतात तेव्हा काय करतात ते वहीत उतरव. 'हे राम'मधला अभ्यंकरचा अंथरुणावरचा प्रसंग उलटा बघ, चित्र न पाहता नुसता आवाज ऐकून.

पुढे शिक्षणाचा विचार असेल तर राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, त्याला पदवी आणि नाटकांचा अनुभव दोन्ही लागतं. तुझ्याकडे नाटकांचा अनुभव आहे. पुण्यात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची नाट्यशाळा आहे. हा चित्रपट केल्यावरही हे दरवाजे उघडेच राहतात, तेव्हा 'आधी शिक्षण की आधी काम' यावर घरात भांडण नको.

होकार कळवलास की दिग्दर्शकाला एक प्रश्न विचार: ही मोठी बहीण पोटासाठी काय करते? पटकथेत बहुतेक लिहिलेलं नसतं. त्यांनीही ठरवलेलं नसेल तर तू ठरव आणि त्यांना सांग. शिक्षिका आहे, की यंत्रमागावर जाते, की घरी चादरींच्या झालरी करून देते, त्यावरून तिचे हात कसे चालतात, ती कुणासमोर कशी बसते, हे सगळं ठरतं. हे बोलणं वाचनाच्या दिवशीच उरकून घे. एकदा शूटिंग सुरू झालं की लाइट, मेकअप आणि पुढच्या शॉटच्या घाईत बहिणीच्या कामासाठी कुणी तुला दोन मिनिटं देणार नाही.